चौदा रोपांना ताक

माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात आले तेव्हा माझी रोझ कॅम्पियन या फुलझाडाची चौदा रोपं कळ्यांवर यायच्या बेतात होती. हे झाड माणसाचा अंत बघतं. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये पेरलेलं बी पहिलं वर्षभर नुसतं जमिनीला चिकटून बसलं होतं. पानं राखाडी, जाड, कानटोपीसारखी लोकरीची. फूल बघायचं तर पुढच्या वसंताची, म्हणजे इथल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची, वाट पाहायची.

बी शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींनी दिलं होतं. आमच्या केलीव्हिल उपनगरातलं घर विकून वृद्धाश्रमात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि बजावलं, खत घालू नकोस, डोक्यावरून पाणी ओतू नकोस. आणि हा भडक गुलाबी एकटा लावलास तर डोळ्यांत खुपेल; मागे लव्हेंडर लाव, पुढे पांढरी डेझी. मी तसंच लावलं आणि शब्द दिला की नोव्हेंबरमधली पहिली फुलं तुमच्याकडे येतील. त्या नव्वदीच्या होत्या. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती.

ऑक्टोबरमध्ये मी ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर मेलबर्नला गेले. सासऱ्यांची पुण्यात वीस वर्षांची गच्चीवरची बाग. त्यांनी राखाडी पानं पाहिली आणि रोग ओळखला: भुरी. पुण्यात ज्याने गुलाब लावलेत त्याला पानांवरची ही पांढरी बुरशी ठाऊक असते आणि तिच्यावरचं आंबट ताकही. सासऱ्यांनी पाणी घातलेलं ताक सकाळ-संध्याकाळ फवारलं. रोपांना ताकद यावी म्हणून शेणखताची पिशवीही रिकामी केली. राखाडी रंग काही जाईना. जाणार कसा, ती पानांची स्वतःची लव होती. पाचव्या दिवशी, लागण पसरू नये म्हणून, त्यांनी चौदाही रोपं उपटून बागेच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली. दुसऱ्या सकाळी काउन्सिलचा कचऱ्याचा ट्रक येऊन ती घेऊन गेला.

मी परतले तेव्हा वाफ्याला आंबूस वास येत होता. सासरे कौतुकाने म्हणाले, "तुझं लव्हेंडर वाचवलं बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासऱ्यांना काय बोलणार? मी आत जाऊन कुकर लावला. नवरा मागोमाग आला. "चिडू नकोस ना. बाबांनी चांगल्या मनाने केलंय. नर्सरीतून दुसरी आणू, नो वरीज."

चांगलं मन! आमच्या घरात ज्याचं मन चांगलं त्याने वाट्टेल ते करावं आणि जिचं नुकसान झालं तिनेच समजून घ्यावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. साखरेचा डबा कुठे आहे हे विचारायला सासऱ्यांनी मला मेलबर्नला फोन केला होता. झाडं उपटताना केला नाही.

नोव्हेंबरमध्ये मी लव्हेंडर आणि डेझी घेऊन आजींकडे निघाले. सासरे हट्टाने सोबत आले. तिथे त्यांनी हात जोडून, आपल्या इंग्रजीत, सगळं सांगून टाकलं: रोग समजलो, फुलं मी मारली. आजी खोकला येईपर्यंत हसल्या. सासऱ्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, जाऊ दे, फुलंच तर होती. पुढे तासभर दोघं गुलाबांच्या गप्पा मारत बसले. माझा चहा गार झाला.

आजींना दिलेला शब्द मोडला, तो त्यांनी सोडून दिला, ठीक. पण दीड वर्ष गुडघे टेकून तण मी उपटलं होतं. माझ्या वाटची माफी त्यांनी परस्पर कशी देऊन टाकली? नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, चला, मिटलं. मला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच ऊन चटके देत होतं. सासरे पाण्याचा पाइप धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी बागेतलं काही करण्याआधी विचारलं, "कढीपत्त्याला पाणी घालू का गं?"

कुंडीतल्या कढीपत्त्याने मान टाकली होती. मला ती खिडकीतून दिसत होती.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पाइप गुंडाळून ठेवला.