नसरीन आपा आणि कोरी डिस्क

एंटर दाबण्याआधी नसरीन आपा दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि पडद्यावरची आज्ञा मोठ्यानं वाचायच्या. वाळूजच्या आमच्या साच्यांच्या कारखान्यात युनिक्सवर चालणारे सगळे संगणक त्यांच्याकडे होते. मूळच्या सिल्लोडच्या, आवाज असा की शेजारच्या शेडमधले लोक माना वर करून बघत. "मनातल्या मनात वाचलं की आपल्याला पाहिजे तेच दिसतं," त्या म्हणायच्या. "कान नाय फसत."

ते दुष्काळाचं वर्ष. वाळूजला रोज नवी शेड उभी राहत होती आणि नळ कोरडे होते. टँकरचं पाणी पिण्यापुरतंच, त्यामुळे संगणकाच्या खोलीतला कूलर बंद. जुनी डिस्क तापून कुरकुरायला लागली. आमच्या सगळ्या साच्यांची ड्रॉइंग्ज तिच्यावर होती आणि टेपवरची प्रत फार जुनी झाली होती.

नवी डिस्क जोडली. आपांनी आरसिंक हे प्रत काढायचं साधन वापरायचं ठरवलं. फोल्डरांचा सगळा पसारा, तारखा-परवानग्यांसकट, ते जसाच्या तसा दुसरीकडे उतरवतं. आणि सांगितलं तर, मुळात नसलेलं तिकडचं सगळं पुसूनही टाकतं. आमचे मॅनेजर देसाई सर मागे येरझारा घालत होते. "आपा, करा ना चालू!"

"सर, आधी बघू द्या, मग पळू द्या." आपांनी आज्ञा वाचली आणि आधी नुसती तालीम चालवली. तालमीत आरसिंक काही हलवत नाही, काय करणार तेवढं सांगतं. पडद्यावर ओळीमागून ओळ धावू लागली: हे पुसणार, ते पुसणार, तेही पुसणार.

सरांचा चेहरा उतरला. आपा उठल्या आणि दारात जाऊन ओरडल्या, "ऐका हो सगळे! मीच उलटं लिहिलं! कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरवत होते. आज कानपण लई फसला!" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग सरही हसले.

आज्ञेतल्या दोन डिस्कच्या नावांची अदलाबदल झाली. पुन्हा वाचन, पुन्हा तालीम, मग खरी प्रत. दुपारी नव्या डिस्कवरून ड्रॉइंग उघडलं, तर रेष न् रेष जागेवर. सरांनी सगळ्यांसाठी कलिंगडं मागवली.

पुढे आपांच्या मिस्टरांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी केकचा डबा उघडला, तर वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'नर्सरी आपा'. तेवढ्यात देसाई सर खुर्चीवर चढले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ऐका हो सगळे! फोनवर नाव मीच सांगितलं होतं!"

सगळ्यात मोठ्यानं आपाच हसल्या. केकचा पहिला तुकडा त्यांनी सरांच्या तोंडात कोंबला.