मामाच्या हातचा पहिला घास: ठाकुर्ली ते टोरांटो

बाळाला घेऊन लांबच्या विमानप्रवासाला जावं का, असं गेल्या महिन्याभरात मला चार मैत्रिणींनी आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं. माझं उत्तर ठरलेलं आहे: खुशाल जा. बाळाला काहीही होत नाही. जे काय व्हायचं ते आईबापांचं होतं.

आमच्या जाण्याचं कारण होतं एक वाटी खीर. आमच्याकडे बाळाचं उष्टावण, म्हणजे पहिला घास, मामाने भरवायचा असतो. आणि ओजूचा मामा, म्हणजे माझा दादा, टोरांटोत. तिथली त्याची कागदपत्रं नूतनीकरणात अडकली आहेत. एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. माझं लग्न त्याने मोबाईलवर पाहिलं. बाबा गेले तेही मोबाईलवर, आणि नेमकं अग्नी द्यायच्या वेळी नेटवर्क गेलं. ओजू झाला तेव्हा त्याने एकच गोष्ट मागितली.

"पिंके, बाकी सगळं सुटलं गं माझं. पहिला घास तरी माझ्या हातचा असू दे."

मी शब्द दिला. तिकिटं त्यानेच पाठवली.

तिथून माझं आयुष्य म्हणजे एका तोंडावरचा पहारा झाला. सहा महिने पूर्ण झाले, डॉक्टरांनी वरचं अन्न सुरू करायला सांगितलं, आणि व्हिसा काही येईना. उष्टावणाचं कारण सांगितल्यावर डॉक्टरांनी चेहरा वाकडा करून "दोन-तीन आठवडे थांबा, त्यापुढे नाही" अशी मुदत दिली. पण सोसायटीला मुदत कोण सांगणार? तळमजल्यावरच्या काकू वरणाचं बोट घेऊन लिफ्टपाशी उभ्या. एक आजोबा पेढ्याचा कण घेऊन मागे लागलेले. नवऱ्याने, निखिलने, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्याच्या कारखान्यातून एक पाटी छापून आणली: "कृपया बाळाला काही भरवू नये." ती बाबागाडीला लावली. दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "साखर पण नाही का?"

पासपोर्टच्या फोटोबद्दल मैत्रिणींना आधीच सावध करते. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड बंद, आणि चेहऱ्यावर काही नको. एवढ्याशा मुलाचं तोंड बंद कधी असतं हे नियम करणाऱ्याने सांगावं. डोंबिवली पूर्वेच्या स्टुडिओवाल्याने ओजूला पांढऱ्या चादरीवर आडवं केलं, स्वतः स्टुलावर चढला आणि वरून एकेचाळीस फोटो काढले. बेचाळिसावा जमला. घरी येऊन बघतो तर गालावर आईने लावलेली तीट. आई बाबांच्या मागे आमच्याकडेच राहते. "तेवढी पुसली तर सरकारचीच दृष्ट लागेल," असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा स्टुलापाशी.

निघायच्या पहाटे आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. ओजूला काही झालं नाही, टॅक्सीवाला शीळफाट्यापर्यंत शिंकत होता. विमान सकाळी साडेदहाचं होतं, आम्ही साडेपाचला निघालो. ठाकुर्लीहून विमानतळाला जाणाऱ्यांनी एवढं अंतर ठेवाच. कल्याण-शीळ रस्त्यावर कधी काय खणलेलं असेल ते खणणाऱ्यालाही माहीत नसतं. ऐरोलीच्या पुलावर निखिल म्हणाला, "काही राहिलं तर नाही ना?" मी ठामपणे नाही म्हटलं. त्या ठामपणाची आता लाज वाटते.

विमान कंपनीला आधीच फोन करून पहिल्या रांगेतली जागा मागितलेली, त्यामुळे समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा मिळाला. हा पाळणा म्हणजे बुटाचं मोठं खोकं. ओजूचं डोकं आणि धड त्यात, पाय विमान कंपनीच्या हद्दीबाहेर. शिवाय विमान जरा हललं की बाळाला उचलून मांडीवर घ्या असा हुकूम येतो, आणि विमान नेमकं बाळ झोपल्यावरच हलतं. आखातात अडीच तास थांबून दुसरं विमान. त्या विमानतळावर सोनं, अत्तर, चॉकलेट, उंटाचं दूध घातलेला साबण, सगळं मिळतं. तेव्हा मी मजेत बघत फिरले.

दुसरं विमान चौदा तासांचं. निखिलने ओजूसाठी तीस बालगीतं मोबाईलवर भरून आणलेली. ओजूने पहिल्या गाण्याला मोबाईल चाटला, दुसऱ्याला फेकला. मग निखिल स्वतः ती गाणी बघत झोपला. शेजारी कल्याणच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या. सगळे त्यांना बाई म्हणत असणार, मीही म्हणू लागले. विमान वर चढताना आणि खाली उतरताना बाळाला पाजत राहावं म्हणजे कान दुखत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं. हे मात्र खरंच लक्षात ठेवा.

पाचव्या तासाला ओजूला भूक लागली. मी कामावर परत गेल्यापासून माझं दूध पुरत नाही, तो बहुतेक पावडरच्या दुधावर. हातातली छोटी डबी संपली म्हणून मोठा डबा काढायला पिशवी उघडली. पिशवीत डबा नव्हता. त्याच्या जागी, मऊ टॉवेलात गुंडाळलेले, उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा होते.

मला लख्ख आठवलं. सकाळी दारात आई म्हणाली होती, "चांदी खाली सामानात द्यायची नाही हं, हातातच ठेव." जागा करायला तिने काहीतरी काढून मोठ्या बॅगेत कोंबलं होतं. म्हणजे चांदी माझ्या मांडीवर सुरक्षित होती आणि दूध पायाखाली, सामानाच्या तळघरात. आणि पिशवीची चेन लावताना मी आत पाहिलंही नव्हतं. जगात दुसऱ्या कुठल्या घराण्याने असं सामान भरलं असेल असं मला वाटत नाही.

हवाईसुंदरी धावत आली. पावडरचं दूध त्यांच्याकडे नव्हतं. चहाचं दूध होतं, ते डॉक्टरांनी वर्षभर बंद सांगितलेलं. मी अंगावर घेतलं, पण मिनिटभरात तो तोंड सोडून किंचाळायला लागला. निखिलने फेऱ्या मारल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अरे यार, शांत करो ना उसको." निखिल वळून म्हणाला, "बटन सापडलं की करतो." एक तास गेला. दीड तास. ओजूचा आवाज बसला, नुसतं तोंड उघडायचं आणि बारीक कण्हणं यायचं. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

समोर जेवणाचा ट्रे तसाच पडलेला. त्यात पांढरा, मऊ, गिचका भात.

बाई ट्रेकडे बघून म्हणाल्या, "गरम पाण्यात कुस्करून दे त्याला. सात महिन्यांचा आहे ना?"

"नाही हो बाई. उष्टावण व्हायचंय. मामा वाट बघतोय. त्यासाठीच तर चाललोय."

"मामा काय म्हणेल ते उतरल्यावर बघू. आत्ता हा काय म्हणतोय ते ऐक."

मी निखिलकडे पाहिलं. तो म्हणाला, "अगं, तू म्हणशील तसं." नवऱ्यांचं हे वाक्य फार सोयीचं आहे, पुढचं सगळं पाप आपल्या नावावर येतं.

मी भात कुस्करला. चांदीचा चमचा काढला नाही, तेवढी लाज शिल्लक होती. बोटानेच भरवला. ओजूने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं, मग जीभ फिरवली, मग माझं बोट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. नऊ घास खाल्ले त्याने. बाई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या आणि मी रडत होते. आमच्या घराण्यातलं पहिलं उष्टावण, जे समुद्रावर, सीटबेल्ट लावून, एका अनोळखी बाईंच्या साक्षीने झालं. पुढे सुटका म्हणून तो सहा तास झोपला.

टोरांटोला दादा बाहेरच उभा होता. केस पांढरे झालेत त्याचे. व्हिडिओ कॉलवर ते कळत नाही. ओजूला हात लावायच्या आधी त्याने बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, तिथेच, कडाक्याच्या थंडीत. मग मला विचारलं, "काही खाल्लं नाही ना त्याने अजून?"

मी म्हटलं, "नाही रे."

एवढं सोपं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. निखिल बॅगा मोजायला लागला. आमच्या बॅगा दोनच होत्या.

दादा एका तळघरात राहतो, खिडकी छताजवळ. येणाऱ्यांनी थंडीचे कपडे इथूनच नेण्याचा हट्ट करू नका, तिथे जुने चांगले आणि स्वस्त मिळतात. मेतकुटाबद्दल विमानतळावर विचारतील, खरं सांगा, सोडतात. अशा सूचना मी आणखी पानभर देऊ शकते, पण तिथल्या पहिल्या दोन दिवसांत माझं लक्ष कशातच नव्हतं. दादा खिरीची तालीम करत होता. तीनदा करपवली. चौथ्यांदा जमली तेव्हा रविवारच्या सकाळी त्याने मित्रांना बोलावलं, जुना झब्बा घातला, तो पोटावर बसेना म्हणून वर शाल घेतली. आईला मोबाईलवर लावलं. आई तिथून मोठमोठ्याने सूचना देत होती: "अरे मांडीवर नीट घे! पूर्वेकडे तोंड कर! तिकडे पूर्व आहे ना रे?"

आईने माझ्याबरोबर पाठवलेली बाबांची सोन्याची अंगठी दादाने खिरीत बुडवली आणि ओजूच्या ओठांना लावली. ओजूने झटकन तोंड उघडलं. सरावाने. दादा ओरडला, "बघितलंस? मामाला ओळखलं याने!" आणि रडायलाच लागला. एवढा मोठा माणूस, शाल सावरत, हातात चांदीचा चमचा. सगळे हसत होते. मी फोटो काढत होते, म्हणजे मोबाईल तोंडापुढे धरून उभी होते.

आम्हाला परत येऊन तीन आठवडे झाले. येताना दुधाचा डबा मी गळ्यात अडकवायचाच बाकी ठेवला. ओजू आता सगळं खातो, काकूंचं वरणही. दादाच्या मित्राने काढलेला उष्टावणाचा व्हिडिओ आईने ठाकुर्लीतल्या प्रत्येक ओळखीच्या घरात दाखवला. बाळाला घेऊन लांब जाण्याने काय मिळतं, असं विचाराल तर सांगते: कंबरदुखी, आणि एक खोटं, जे सामानात कुठेच पकडलं जात नाही.

काल दादाने फोटो पाठवला. त्याने तळघराच्या भिंतीवर त्या रविवारच्या फोटोची चौकट लावली आहे. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "पहिला घास." ते बघून मला जेवण गेलं नाही.

दादा, तू हा ब्लॉग वाचतोस. प्रत्येक लेखाखाली अंगठा तुझाच असतो. फोनवर मला जमलं नाही म्हणून इथे लिहिते: पहिला घास तुझ्या हातचा नव्हता. दिलेला शब्द मी विमानात मोडला, आणि नंतर तोंडावर खोटं बोलले. रागव माझ्यावर.

पण चौकट काढू नकोस. माझ्या बोटाचा भात त्याने खाल्ला तेव्हा तो भुकेने कासावीस होता. कुणीही, काहीही दिलं असतं तरी खाल्लं असतं. त्या रविवारी तो रडून तुझा कार्यक्रम बिघडवू नये म्हणून मी दहा मिनिटं आधी आतल्या खोलीत त्याला पोट तट्ट होईपर्यंत पाजलं होतं. त्याला भूक अजिबात नव्हती, दादा. तरी तुझी अख्खी वाटी त्याने संपवली.