बाबांचा पहिला नंबर

माझे हात सतत शिवशिवत असतात, असं आई म्हणते. पंखा कुरकुरला की मी स्टुलावर चढलेली. मिक्सर अडखळला की मी त्याचा तळ उघडून बसलेली. चालतंय तर चालू दे, हे मला आजवर जमलेलं नाही, आणि त्या रविवारीही जमलं नाही.

बाबांनी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तीस वर्षं क्रेन चालवली. वर केबिनमध्ये बसून लालभडक लोखंड लोंबकळत न्यायचं आणि बोटभरही न चुकता ठेवायचं, हे त्यांचं काम. गेल्या वर्षी त्यांना लकवा झाला आणि डावा हात सुस्तावला. फिजिओथेरपीवाल्या दीदींनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी दोन दिवसांत अंगणात भिरकावला. म्हणाले, "मी का लहान पोट्टा आहो?"

मग मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझ्या कॉलेजच्या काळातला कारच्या शर्यतीचा खेळ लावून दिला. गाडी डाव्या हातानेच वळवायची. त्या डब्याला नवं विंडोज झेपेना म्हणून मी त्यात लिनक्स टाकलं होतं, आणि विंडोजचा खेळ लिनक्सवर चालवायचा तर मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम लागतो. आमचा दुभाष्या भलताच मंद. त्यात खेळ इतका जुना, की चित्र उशिरा उमटलं तर सगळ्या गाड्याही तेवढ्याच हळू धावायच्या. सेकंदाला जेमतेम वीस चित्रं. बाबांना त्याचं काही नव्हतं. आठव्या नंबरावरून ते तिसरे आले, मग चक्क पहिले. नागपूरच्या आत्याला फोन गेला, "बाई, हात परत आला वं माझा!" चहाचा कपही ते डाव्या हातात धरायला लागले.

मी मागे उभी राहून बघायची आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. दर वळणावर चित्र अडकायचं. ऑफिसात बसले तरी डोक्यात तेच. शेवटी बाबा अंघोळीला गेलेले पाहून मी बसलेच. दुभाष्या काढून नवा टाकला, ग्राफिक्स कार्डाकडून नीट काम करून घेणारा. प्रोसेसर वीज वाचवत चालत होता, त्याला पूर्ण जोरावर लावला. डेस्कटॉपची नटवेगिरी बंद केली. पडद्याच्या कोपऱ्यातला सेकंदाची चित्रं मोजणारा आकडा विसावरून साठावर गेला, गाडी सुळकन धावली आणि मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. बाबांना काही सांगितलं नाही. म्हटलं, बसतील तेव्हा चकित होतील.

बाबा पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळले. परत आदळले. तासभर शेवटचेच येत राहिले आणि मग उठले.

संध्याकाळी कप उजव्या हातात होता. "काहून, बाबा?" मी विचारलं.

"हात पुन्हा गेला. गाडी निघून जाते अन् हात मागंच राह्यते. डॉक्टरले दाखवू का?"

आईने लगेच कपाटातून जुनी फाइल काढली. खरं सांगावं तर पहिला नंबर खोटा ठरतो, गप्प बसावं तर बिचारा हात बदनाम होतो. मी भित्री निघाले. दुसऱ्या दिवशी गुपचूप आकड्यावर पुन्हा विसाची मर्यादा घातली आणि म्हटलं, "एकदा खेळून तर बघा."

ते बसले. अर्धी फेरी झाली आणि त्यांनी हात उचलला. पडद्यावर एक गाडी चढावावरून उडून तरंगत तरंगत खाली येत होती.

"वजनाची चीज अशी उतरत नाही," ते म्हणाले. "आधी वाटे, खेळच तसा आहे. पण काल गाडी बराबर धपकन पडे. तू काय केलं?"

मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे पहिल्यापासूनच हळू होतं?"

"हो."

"अन् तुले मालूम होतं."

"हव, बाबा."

"मी तुह्या आत्याले फोन करून राहिलो होतो, तवा तू मागंच उभी होती."

इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

बराच वेळ ते डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "पूर्ण जोरावर लाव."

"आधी तीस ठेवू, मग हळूहळू..."

"साठ लाव. अन् मले सांगितल्याबिगर आता हात नको लावू त्याले."

साठ लावले. ते आदळले, आठवे आले, परत बसले. चार महिने झाले, रोज हेच चाललंय. खेळ मध्येच किंचित अडखळतो, त्याचं कारण मला ठाऊक आहे, दुरुस्ती पाच मिनिटांची आहे, आणि मी खोलीत येरझारा घालते.

परवा ते सातवे आले. खुर्ची मागे सरकवून माझ्याकडे वळले.

"आज तू काही केलं तर नाही ना?"

"नाही, बाबा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, आणि मगच हसले.