सुकाणूवरून आलेलं उत्तर

भूतं, जिन्नात असला विषय निघाला की मी सरळ उठून चहा टाकायला जातो. अकरा वर्षं प्लांटमध्ये मीटर तपासले... जे काट्यावर दिसत नाही ते माझ्या लेखी नाही. तरी लिहितोय, कारण आता पोटात राहत नाही.

सौदीतलं जुबैल. परदेशी काढून सौदी माणसं भरायची, त्या सौदीकरणाची वर्षं— रोज कुणाचा तरी नंबर लागायचा. माझा लागला तेव्हा माझी जागा घेणारा फैसल मीच शिकवून तयार केलेला. चाळिशीचा बाप्या, माणूस सोन्यासारखा. पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परत जायचा शिक्का बसला, विमानाला आठ दिवस होते. रूममेट शिफ्टला, खोलीत मी एकटा. घरी अजून कळवलं नव्हतं. अब्बा आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीतले तांडेल. त्यांची होडी सोडून मी इकडे आलो, त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझा फोन आला की उठून अंगणात जायचे. आता नोकरी घालवून कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर उभा राहू?

फैसल म्हणाला, "सदीक, माझी बोट घे. दिवसभर आरामात फिर. यल्ला!"

शहराबाहेरची उथळ खाडी, दोन्हीकडे तिवरं. इंजिन बंद करून बांबूनं ढकलत निघालो. कुठेच पोचायचं नव्हतं. पण शहाणपणा नडला... भरतीचा हिशेब मी गावच्यासारखा चंद्राच्या तारखेवरून केला. आखाताचं पाणी माझं कशाला ऐकतंय! ओहोटी आधीच लागली. बोट चिखलात बसली असती तर त्या उन्हात माझं काही खरं नव्हतं.

आमच्याकडे रीत अशी— होडीत पुढे उभा असलेला बांबू टाकून खोली ओरडतो, सुकाणूवरचा तीच परत ओरडतो. ऐकलं, हे कळावं म्हणून. सवयीनं मी ओरडलो, "तीन हात!"

मागून आलं, "अडीच!"

वळलो. सुकाणूवर कुणी नाही. पुन्हा बांबू टाकला, नीट बघितलं... अडीचच.

मग मी ओरडत गेलो, मागून उत्तर येत गेलं. चुकलो की दुरुस्ती. आवाज ओळखीचा होता, मीच ओळखायचं टाळलं. खरं सांगू? भीती नाही वाटली. धोका टळल्यावरही मी मुद्दाम सावकाश चाललो. किती महिन्यांत माझ्या हाकेला कुणी ओ दिली नव्हती हो! खोल पाणी लागलं, आवाज थांबला, आणि मी ढसाढसा रडलो.

हे फैसलला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

गावी आलो. अब्बा गप्पच. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी होडी सोडली, सुकाणूवर बसले आणि नुसत्या मानेनं मला बोलावलं. मी बांबू घेतला. "दोन हात!"

"दीड," अब्बा म्हणाले. अकरा वर्षांनी! मग पाण्याकडे बघतच, "तिथंही असाच चुकत होतास."

आता रोज सकाळी आम्ही दोघं जातो. अब्बा बोलतातही थोडंफार. पण ‘तिथं’ म्हणजे कुठं, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं आणि ते पुन्हा गप्प झाले तर?