पूजेआधीचा आंबा

चार वर्षांची सुकवारो तोंड घट्ट मिटून बसली होती आणि मी तिच्यापुढे आंब्याची फोड धरून उभी होते. चिचगडच्या पुढे, जंगलातल्या अंगणवाडीत त्या दिवशी पोषणाचा कार्यक्रम होता. मी सुपरवायझर. म्हणजे अंगणवाड्यांवर फिरायचं, चुका काढायच्या आणि फोटो वर पाठवायचे. आंबे मी मुद्दाम गोंदियाहून आणले होते, आणि एकही पोरगं हात लावेना!

सेविका रामकलाबाई त्याच गावातली, गोंड. हळूच म्हणाली, "म्याडम, आंबा राहू द्या. केळं द्या."

"काऊन? का नको? केळ्याचा फोटो मागच्या वेळी झाला," म्हणत मी लाडीगोडीनं फोड सुकवारोच्या तोंडात कोंबली. फोटो झकास आला. पोरगी घास थुंकून रडत घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत चिटपाखरू नाही. ॲपवर हजेरी शून्य. साहेबांचा फोन आला, "मॅडम, ये क्या चल रहा है?"

मी तडक सुकवारोच्या घरी गेले. आजी मोहफुलं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोरगी जेवून नाही राहिली. तिले वाटते, तिच्यापायी गावात पाऊस नाही पडन."

"अहो, एका आंब्यानं?"

"नवा आंबा अजून देवाले, पुरखायले दिला नाही. तोवर आमी खात नाही. तुमच्या घरी निवदाआधी कोनी ताटात हात घालते का जी?"

माझ्या घरी! आम्ही पोवार. निवदाआधी कोणी शेंगदाणा उचलला, तरी सासूबाई घर डोक्यावर घेतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोबत आलेल्या रामकलाबाईवर राग काढला, "मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी 'काऊन' म्हनल्या, पन थांबल्या कुठं?"

सुकवारो दाराआड होती. मी खाली बसले. "चूक तुझी नाही गं. माझी आहे." आजीनं ते तिला गोंडीत सांगितलं. मग मला म्हणाली, "आता देवापुढंही सांगा."

रविवारी गावात नव्या आंब्याची पूजा होती, तिथं गेले. सगळ्या गावासमोर चूक कबूल केली. पुजारीबाबानं ऐकून घेतलं, आंबा देवाला वाहिला आणि फोडी वाटल्या. सुकवारोनं आपली फोड उचलली, सरळ माझ्या तोंडात कोंबली आणि दुसरी स्वतः खाल्ली. फोटो काढायचं कोणालाच सुचलं नाही.

सोमवारी अंगणवाडी भरली. अहवालात मी सगळं खरं लिहिलं. साहेबांनी ते खोडून एक ओळ लिहिली: 'समुपदेशनामुळे फळांबाबतचा गैरसमज दूर झाला.'

तसं चूक काही नाही. समुपदेशन झालंच. फक्त कोणाचं झालं, तो रकाना फॉर्ममध्ये नाही. हल्ली मी 'काऊन' विचारलं, की उत्तर येईपर्यंत तोंड घट्ट मिटून बसते.