लग्नाचा रकाना

ओल्या गेरूचा वास आला की मला गेवराईच्या जिनिंगमधली ती दुपार आठवते. निजामाच्या राज्यात शिरगणती चालू होती आणि दारांवर गेरूनं नंबर घालून माणसं मांडायचं काम आम्हा शाळामास्तरांकडं आलं होतं. जिनिंगच्या इंजिनावर एक अमेरिकन साहेब होता. त्याची बायको आदल्या वर्षी पटकीनं गेलेली. खुंटीवर तिची टोपी तशीच होती, कापसाच्या धुळीनं पांढरी झालेली. धर्म विचारला तर म्हणाला, “ईसाई. मॉर्मन.” लग्नाच्या रकान्याशी मी अडलो. “शादीशुदा लिखो,” तो म्हणाला. ख्रिस्ती घरं दाखवायला नगरकडचे पाद्री माझ्याबरोबर होते, ते चिडले. “मास्तर, विधुर लिहा. आम्हा ख्रिस्त्यांत लग्न मरणापर्यंतच असतं. यांच्या मॉर्मन पंथात म्हणे मेल्यावरही सुटत नाही, देवालाही हाडामांसाचं शरीर आहे, बायबलाशेजारी आणखी एक ग्रंथ आहे. हे कसले ख्रिस्ती? ‘इतर’मध्ये घाला.” साहेब भांडला नाही. “ईसाई भी लिखो, शादीशुदा भी,” एवढं म्हणून तो इंजिनाला तेल घालायला गेला. मी मुकाट पाद्र्यांचं ऐकलं. ख्रिस्ती नाही म्हणून इतर, आणि ख्रिस्त्यांच्या रीतीनं विधुर! दोन्हीकडून त्याला मीच एकटा पाडला. परवा नव्या गणतीचा मास्तर माझ्या दारावर गेरू लावून गेला. लग्नाचं विचारलं तेव्हा मी ‘विवाहित’ म्हणालो. “मंग बाईंचं वय सांगा की,” म्हणत त्यानं माझ्यामागं, रिकाम्या घरात डोकावून पाहिलं.