रंग तं गेला, पेला कुठं आहे?

माझ्याकडे किस्से फार झालेत अशी माझी तक्रार नाही, घरच्यांची आहे. एक सांगायला बसलो की दुसरा त्याचं शेपूट धरूनच येतो आणि समोरच्याचा चहा थंड होतो. पण मी तरी काय करू! आठवड्यातून चार संध्याकाळी मी जिथे बसायचो, तिथे दुसरं काही पिकतच नव्हतं.

ती जागा म्हणजे वर्ध्याच्या बाजारामागचं नामदेवभाऊंचं जुन्या भांड्यांचं दुकान. ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. स्टील तेव्हा पाहुण्यांसाठी कपाटात असायचं, रोजचा स्वयंपाक जर्मनच्या भांड्यांत. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, आणि गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. लोखंडाला चढतो तो गंज नव्हे! नामदेवभाऊ खेड्यांतून, खानावळींतून जुनी भांडी आणायचे. कशावर वीस वर्षांची काजळी, कशावर ऑइलपेंट, कशावर सोनेरी मुलामा. ते सगळं काढायचं आणि भांडं नव्यासारखं करून विकायचं. घासायला शेवंताबाई. त्यांच्या घरची भाजीची वाडी. सकाळी बाजारात वांगी-मेथी विकायच्या आणि दुपारी इथे यायच्या. मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट. शिकवणं माझं काम नव्हतं, पण दुकानात सगळे मला मास्तर म्हणायचे आणि मी त्यांची चूक दुरुस्त करत नसे.

*

आमची ओळखच मुळी एका पेल्यावरून झाली. नामदेवभाऊ एक दिवस सोनेरी पेला घेऊन लॅबच्या दारात उभे.

"मास्तर, याचा रंग निंगतच नाई! वाळू झाली, विटकरीचा चुरा झाला, माह्ये बोटं सोलपटले, पण हा बेटा जागचा हालत नाई!"

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी केमिस्ट्री विचारत होतं. मी खडू घेऊन थेट फळ्याशीच गेलो. सांगितलं, हा वरून फासलेला रंग नाही. विजेने धातूची कातडीच कडक केलेली असते आणि तिच्यात रंग मुरवलेला असतो. घासून जन्मात जाणार नाही, त्याला कॉस्टिक सोडाच पाहिजे. सोडा थोडा, पाणी भरपूर, मोजून दोन मिनिटं आणि लगेच धुवायचं. चिठ्ठीसुद्धा लिहून दिली.

संध्याकाळी प्रयोग बघायला दुकानात गेलो. असले सहा पेले बादलीत टाकलेले. नामदेवभाऊंनी हिशेब केला होता की थोड्या सोड्याने एवढं काम होतं, तर अर्ध्या डब्याने किती होईल! पाणी खदखदायला लागलं, वाफा निघाल्या, आम्ही दोघं खूश. तेवढ्यात शेजारच्या सायकलवाल्याकडे भांडण लागलं. आता वर्ध्यात भांडण लागलं आणि आपण पाहायला गेलो नाही, असं कसं होईल? भांडण चांगलं रंगलं. परत आलो ते दीड तासाने.

शेवंताबाईंनी काठीने बादली ढवळली. काठीला एक कड लागून वर आली, बांगडीएवढी. आणखी ढवळलं, अजून एक बांगडी.

"रंग तं गेला मास्तर," त्या म्हणाल्या, "आता पेला कुठं आहे थे सांगा!"

नामदेवभाऊ इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. मी मात्र त्या दिवसापासून हातात घड्याळ घालूनच दुकानात जाऊ लागलो.

*

हा एक किस्सा हसण्यासारखा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नामदेवभाऊंचे थोरले भाऊ गणपतदादा समुद्रपूरकडे शेती करायचे. घर कापूस पिकवणारं, चांगलं नाव असलेलं. दादा कापूस विकायला वर्ध्याला आले तेव्हा हौसेने धाकट्याचं नवं दुकान पाहायला आले. नामदेवभाऊ नळाखाली उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत काळे. शेवंताबाईंनी चहा पुढे केला.

दादांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "आपल्या घरचा माणूस लोकायचे उष्टे गंज घासून राह्यला! मी इथचं पाणी बी पेनार नाई."

आणि आल्या पावली निघून गेले. नामदेवभाऊ "दादा, आयकून तं घ्या" म्हणत गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि एकटेच परत आले. शेवंताबाईंनी तो कप उचलला, एका घोटात संपवला आणि म्हणाल्या, "रागावले थे तुमच्यावर. चहानं त्यायचं काय केलं?"

नामदेवभाऊ हसले, पण त्या दिवशी त्यांनी एकच झाकण तासभर घासलं. मला फार वाईट वाटलं. धंदा चालला, नाव झालं, तरी दर लग्नसराईत त्यांचं एकच पालुपद असायचं, "दादानं एकडाव इथं बसून चहा प्यावा मास्तर. बस, बाकी काई नाई!"

*

स्टेशनजवळच्या चहावाल्याची किटली तुम्हाला सांगितलीच पाहिजे! आतून चहाचा थर इतका जुना की किटलीत मावायचा चहा अर्धा झाला होता. शेवंताबाईंनी दोन दिवस खपून तो थर उतरवला. किटली अशी लखलखली की चहावाला आरशासारखी तिच्यात पाहून मिशी नीट करू लागला.

चौथ्या दिवशी तो रडवेला होऊन हजर.

"नामदेवभाऊ, गिऱ्हाइक म्हणते चव गेली! थो थर परत लावून द्या ना!"

नामदेवभाऊंनी किटली हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि गंभीरपणे म्हणाले, "होते काम. पण वीस वर्सं लागते. ठिवून जा!"

*

तळेगावच्या दोन जावांनी तर कहर केला. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा सासूचे दोन सारखे गंज दोघींना एकेक आले. अदलाबदल नको म्हणून थोरलीने आपल्याला हिरवा ऑइलपेंट मारला आणि धाकटीने लाल. मग रंग चुलीवर जळून त्याचे पोपडे आले. थोरली सोमवारी आली, गंज टाकून गेली. धाकटी मंगळवारी. एकीने दुसरीचं नाव काढलं नाही.

शनिवारी दोघी एकाच एस्टीने उतरल्या. ओट्यावर दोन गंज शेजारी शेजारी ठेवलेले, पांढरेशुभ्र, तंतोतंत सारखे! एकाच्या बुडाला मात्र बारीक पोचा होता.

"बिनपोच्याचा माहा!" दोघी एकदम म्हणाल्या.

मग जे सुरू झालं ते सायकलवाल्याच्या भांडणाच्या तोंडात मारेल असं होतं. सासू निघाली, शेत निघालं, दोघींच्या माहेरचे आंबे निघाले. शेवटी तळेगावची एस्टी सुटायची वेळ झाली, तेव्हा घाईघाईने एका गंजात दुसरा घालून दोघी एकाच बाकावर बसून गेल्या. वाटेत काय झालं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी नामदेवभाऊंनी माझ्याकडून पाटी लिहून घेतली: 'रंग काढल्यावर भांडं कोणाचं, हे आम्ही सांगत नाही.'

*

आता माझ्या घरची अब्रू. एका रविवारी मी बायकोला म्हटलं, आज तुझा भाताचा गंज मी शास्त्रशुद्ध स्वच्छ करतो. धुण्याचा सोडा टाकून पाणी उकळलं. गंज आतून असा काळा पडला की बाहेरची काजळी त्याच्यापुढे गोरी वाटावी!

बायकोने आत डोकावून पाहिलं. चिंचेचा गोळा टाकला, वर पाणी घातलं आणि चुलीवर ठेवलं. पाणी उकळलं तसा काळेपणा उतरत गेला. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. आंबटाने तो थर विरघळतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि वेळेवर साफ विसरलो होतो.

"अवो, तुमच्या कॉलेजात चिंच नाई काय?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात हा शोध मी माझ्या नावावर खपवला. शेवंताबाई म्हणाल्या, "हे तं तुमच्या बायकोनं सांगितलं असंन!" त्यांना कसं कळलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

*

आणि आता गणपतदादांच्या मुलीचं लग्न!

दादा रागावून गेले त्याला सात वर्षं झाली होती. पुतणीने हट्ट धरला की काका पाहिजेच. दादांचा निरोप आला, "येजो. पण भांड्याचा शब्द बी काढजो नको. इवायाले म्या सांगून ठिवलं, माहा भाऊ वर्ध्याले जर्मनच्या कंपनीत साहेब आहे." इवाई म्हणजे व्याही.

नामदेवभाऊंनी टेरिकॉटची पॅन्ट शिवली. मी सोबत जाणार, तेव्हा माझी नेमणूक कंपनीचा केमिस्ट म्हणून झाली. शेवंताबाईंनी विचारलं, "अन् मी कोण?" नामदेवभाऊ म्हणाले, "तुम्ही मॅनेजर." त्या म्हणाल्या, "थे तं मी आहेच!"

लग्नाच्या दिवशी पहिल्या एस्टीने आम्ही गावात उतरलो. मांडवामागे गावकीचे आठ मोठे गंज मांडलेले, एकेकात माणूस बसेल एवढे. आणि काय चमकत होते! डोळे दिपावे असे. शेवंताबाई जागीच थांबल्या.

"हे जर्मन नाई चमकत भाऊ. हा रंग होय."

तेवढ्यात आचारी ओरडला. त्याने भातासाठी आधण ठेवलं होतं आणि पाण्यावर चांदीचे पापुद्रे तरंगत होते. दादांनीच चार दिवसांपूर्वी सगळे गंज आतून-बाहेरून रंगवले होते! टिनाच्या छपराला मारतात तो चांदी रंग. लेकीच्या लग्नात काळी भांडी नकोत, आणि स्वच्छ करून आणायची तर वर्ध्याला भावाकडे पाठवावी लागली असती. ते त्यांना करायचं नव्हतं.

दुपारी वरात यायची होती. लग्नाची तिथी दाट, आसपासच्या गावांतली भांडी आधीच गेलेली. नामदेवभाऊंनी दादांकडे पाहिलं, दादांनी जमिनीकडे. भांडी घासावीत तर व्याह्यांसमोर दादा खोटे पडणार, आणि न घासावीत तर पुतणीच्या लग्नात वऱ्हाड उपाशी उठणार.

मग नामदेवभाऊंनी नवी पॅन्ट काढून घडी घातली, माझ्या हातात दिली आणि कोणाचं तरी धोतर गुंडाळलं.

"मास्तर, सोडा?"

"इथं कुठला सोडा!" मी म्हणालो, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "राख! चुलीची राख अन् पानाचा चुना! दोन्ही पाण्यात उकळा!"

गावातल्या प्रत्येक पानदानातला चुना गोळा झाला! कोणी तरी रॉकेल आणलं, तेव्हा आचारी म्हणाला, "वासाचा भात मंग तुमीच खाजा!" ते परत गेलं. राख-चुन्याचं ऊन पाणी लागलं तसा तो कच्चा रंग सुरकुतायला लागला. नामदेवभाऊ गंजात उतरून नारळाच्या काथ्याने घासत होते. मी घड्याळ बघून ओरडत होतो, "बस! धुवा!" आणि शेवंताबाई चिंचेचं पाणी ओतत होत्या. काय धांदल, काय आरडाओरडा! गावच्या बायका पदर खोचून आल्या. पहिला गंज आतून पांढरा निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सात झाले, त्यांत भात-वरण चढलं आणि आठव्याला हात घातला, तोच वाजंत्री ऐकू आली. वरात तासभर आधीच आली होती!

व्याही पाय धुवायला सरळ मागच्या विहिरीवर आले. दादा त्यांच्यामागे धावत. समोर गंजातून नामदेवभाऊंचं फक्त डोकं बाहेर, तोंड काळं, बनियन काळी.

"इवाई, तुमचे कंपनीवाले साहेब कुठं आहेत? भेट तं करून द्या," व्याही म्हणाले. मग गंजाकडे बोट केलं, "अन् हे कोण?"

नामदेवभाऊंनीच हात जोडले.

"मी आचाऱ्याचा माणूस होय जी."

मी हातातल्या पॅन्टकडे बघत राहिलो.

"आचाऱ्याचा नाई," दादा एकदम म्हणाले. "थो माहा भाऊ होय. कंपनी-बिंपनी काई नाई. वर्ध्याले लोकायचे जुने भांडे घासते. हा रंग म्या मारलता, त्यानं काढला. म्हणून आज जेवण आहे."

व्याही पुढे झाले, गंजाच्या आतून बोट फिरवलं, बोट निरखून पाहिलं.

"आमच्या घरी बी दोन गंज आहेत," ते म्हणाले. "लय काजळी धरली. बायको डोकं खाऊन राह्यली. कधी आणू?"

नामदेवभाऊंनी बोलायला तोंड उघडलं, पण दादा आधी बोलले.

"नंबर लावा इवाई. आमच्या घरचे गंज सात वर्सांपासून थांबून आहेत."